ज्येष्ठमधाची कांडी आणि बीपीची गोळी

घसा खवखवायला लागला की आपल्याकडे पहिला हात जातो तो ज्येष्ठमधाच्या कांडीकडे. वरून मातकट, दाताने सोलली की आत पिवळी आणि धागेदार. चघळत राहिलं की गोडवा सावकाश सुटतो आणि बराच वेळ जिभेवर रेंगाळतो. गाणारी मंडळी ती जवळ बाळगतात, बाळगुटीसाठी सहाणेवर तिचे वेढे दिले जातात. दोन दिवस घशासाठी ती चघळणाऱ्या धडधाकट माणसाला मी अडवणार नाही. काळजी वाटते ती बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असताना महिनोन्‌महिने ज्येष्ठमधाचं चूर्ण किंवा काढा घेणाऱ्यांची. डॉक्टर विचारतात, “आणखी काही औषधं चालू आहेत का?” आपण ‘नाही’ म्हणून मोकळे होतो, कारण ज्येष्ठमध आपल्या लेखी औषध नसतंच.

त्याचा गोडवा ग्लायसिरायझिन या द्रव्याचा. आतड्यातले जिवाणू त्याचं ग्लायसिरेटिनिक आम्ल करतात, आणि खरा खेळ तिथून पुढे सुरू होतो.

‘मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे’ हा निरोप मूत्रपिंडाला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक देतं. हा निरोप घेणाऱ्या ग्राहीला कॉर्टिसॉलही तितकंच घट्ट चिकटू शकतं, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. म्हणून त्या पेशींमध्ये एक विकर (एन्झाइम) राखणीला बसलेलं असतं. ते कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करतं, आणि कॉर्टिसोन या ग्राहीला फारसं चिकटत नाही. ज्येष्ठमधातलं आम्ल नेमकं या राखणदाराला बांधून टाकतं. मग मीठ आणि पाणी अंगात साचतं, बीपी चढतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. रक्त तपासलं तर अल्डोस्टेरॉन उलट कमीच सापडतं!

1946 साली नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. अल्सरला उतार पडला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. या सुजेमागचा राखणदार विकराचा दुवा 1987 मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी दाखवून दिला.

आता गोळ्यांकडे वळू. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या स्वतःच पोटॅशियम घालवतात. त्यात ज्येष्ठमधाची भर पडली की पायात गोळे, स्नायूंना अशक्तपणा, हृदयाचे ठोके चुकणं. बीपीच्या इतर गोळ्यांचा जोर ओसरतो. सर्वांत धोक्याचं डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध. पेशीवरच्या एकाच पंपावर पोटॅशियम आणि डिगॉक्सिन जागेसाठी झटत असतात. पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिन जास्त चिकटतं आणि नेहमीचाच डोस विषासारखा वागू लागतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ज्येष्ठमधामुळे अंगात जास्त वेळ टिकतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉलही रक्तातलं पोटॅशियम उतरवतं, आणि खोकल्यासाठी ज्येष्ठमध घेणारा बरेचदा दमेकरीच असतो. ताटात लोणचं-पापड भरपूर असेल तर हे नुकसान आणखी वाढतं, कारण मीठ जितकं जास्त, तितकं पोटॅशियम बाहेर पडतं.

किती घेतलं तर जास्त? युरोपात दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन ही वरची मर्यादा धरतात. मुळीत त्याचं प्रमाण फार कमीजास्त असतं. 4 टक्के धरलं तर 3 ग्रॅम चूर्णात, म्हणजे चहाच्या साधारण एका चमच्यात, 120 मिलिग्रॅम होतं. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना याहून कमीही बाधू शकतं, आणि गरोदरपणात तर ते टाळावंच.

रोज घेत असाल तर हे सगळं चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना दाखवा: चूर्ण की काढा, किती चमचे, किती दिवसांपासून. काढ्याच्या बाटलीवरचं ‘यष्टिमधु’ हे नावही वाचा, ते ज्येष्ठमधच. बंद केल्यावर राखणदार लगेच कामाला लागत नाही. पोटॅशियम आणि बीपी जागेवर यायला कधी एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर बीपी मोजत राहावं आणि गोळीचा डोस मनाने बदलू नये.