काडीपैलवानाला शुगर कशी? पुण्याजवळच्या सहा गावांची गोष्ट

आमच्या मामेभावाला बत्तिसाव्या वर्षी शुगर निघाली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, लॅबवाल्यांनी रिपोर्ट बदलला असणार. वजन ५८ किलो, हातापायाच्या काड्या, शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसतो, त्याला कसली शुगर. रिपोर्ट दुसऱ्यांदा केला, तोच आला. मग जे डॉक्टर होते त्यांनी त्याचं पोट नुसतं बोटांनी चाचपलं आणि सोबत आलेल्या मामीला विचारलं, "मावशी, हा जन्मला तेव्हा वजन किती होतं?" मामी गोंधळलीच, पण आठवत होतं तिला, "पाच पौंड. काचेच्या पेटीत नाही ठेवलं, तेवढं बरं."

बत्तीस वर्षांच्या माणसाच्या शुगरचा त्याच्या जन्माच्या वजनाशी काय संबंध, हा प्रश्न तेव्हा मलाही पडला होता. त्यामागे बराच मोठा इतिहास आहे आणि त्यातला महत्त्वाचा तुकडा आपल्या पुण्याचा आहे, म्हणून लिहितोय.

आधी लोक काय मानायचे ते बघू. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या जेम्स नील यांनी 'काटकसरी जीन'ची कल्पना मांडली. म्हणजे हजारो वर्षं दुष्काळ सोसलेल्या माणसांत अन्न साठवून ठेवणारे जीन टिकले, आणि आता रोज पोटभर मिळायला लागल्यावर तेच अंगाशी येतायत. ऐकायला एकदम पटतं, आणि सोयीचंही आहे, कारण जीन म्हटलं की विषय संपला, 'आमच्या घराण्यातच आहे' म्हणून मोकळं व्हायचं.

याला धक्का दिला तो इंग्लंडमधल्या जुन्या वह्यांनी. हर्टफर्डशायर या परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी सुइणी आणि नर्सबाईंचं काम इतकं चोख बसवलं होतं की जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं वजन वहीत, मग वर्षभर घरी जाऊन भेटी, दूध अंगावरचं की बाटलीचं तेही वहीत, आणि वर्षाचं झाल्यावर परत वजन. कुणाला माहीत होतं याचा पुढे काय उपयोग होणार आहे! साउथम्प्टन युनिव्हर्सिटीतले डेव्हिड बार्कर अशा जुन्या नोंदींच्या शोधात होते, त्यांना या वह्या मिळाल्या. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते त्यांच्या टीमने हुडकून काढलं, आणि १९८९ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापलं की जन्माच्या वेळी आणि वर्षाचं असताना ज्यांचं वजन सगळ्यात कमी, त्यांच्यात हार्टने मरण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. पुढे त्याच परगण्यातल्या म्हाताऱ्या झालेल्या पुरुषांची शुगर तपासली तर तिथेही तोच कल. १९९२ मध्ये केंब्रिजचे निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी मिळून म्हटलं की काटकसर जीनमध्ये नाही, ती पोटात असताना शिकली जाते. आईकडून येणारं कमी पडलं की बाळ मेंदू वाचवतं आणि इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडासारख्या अवयवांवर हात आखडतं.

याच्यावर टीकाही भरपूर झाली, आणि ती रास्त होती. गरिबाघरचं मूल जन्मतःही हलकं आणि पुढेही हालाखीत, मग दोष पोटातल्या नऊ महिन्यांचा की नंतरच्या साठ वर्षांचा, हे वह्यांवरून कसं ठरवणार? तिथे नेदरलँड्सच्या दुष्काळाचा पुरावा कामी आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथल्या शहरांत रेशन दिवसाला हजार कॅलरीच्याही खाली गेलं, गरीब-श्रीमंत सगळ्यांचं, आणि काही महिन्यांत संपलंही. त्या काळात पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी केली तर साखर पचवण्यात ती मागे निघाली.

भारतात पहिला मोठा पुरावा मैसूरचा. तिथल्या एका मिशन हॉस्पिटलात १९३४ पासूनच्या जन्मनोंदी जपून ठेवलेल्या होत्या. त्यातली ५१७ माणसं शोधून तपासली आणि १९९६ मध्ये निष्कर्ष आला, जन्मवजन अडीच किलो किंवा कमी असलेल्यांत हृदयविकार ११ टक्के, ३.१ किलोपेक्षा जास्त असलेल्यांत ३ टक्के. अडीच किलो म्हणजे साडेपाच पौंड. मामीचे पाच पौंड त्याच्या आतच आले.

आता पुणे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या डायबेटिस क्लिनिकमध्ये येणारे पेशंट पाश्चात्त्य पुस्तकात बसतच नव्हते. पुस्तक म्हणतं वयस्कर आणि लठ्ठ, इथे येतायत तरुण आणि बारीक. बार्कर आणि त्यांच्या सहकारी कॅरोलाइन फॉल यांच्याबरोबर पुण्याच्या टीमने आधी केईएममध्येच जन्मलेली चार वर्षांची मुलं तपासली, तर हलकी जन्मलेल्या मुलांत ग्लुकोज दिल्यावर साखर जास्त चढत होती. चार वर्षांची पोरं हो! तिथे सिगारेट, टेन्शन, वडापाव, कशालाच दोष देता येत नाही.

मग १९९३ मध्ये सुरू झाला पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी, म्हणजे आयांच्या पोषणाचा अभ्यास. पुण्यापासून ४०-५० किलोमीटरवरची सहा गावं, कोरडवाहू शेतीचा भाग. आणि इथे त्यांनी एक गोष्ट केली जी मला सगळ्यात भारी वाटते, ती म्हणजे बाई गरोदर राहण्याच्या आधीपासून सुरुवात. अडीच हजाराच्या आसपास लग्न झालेल्या बायका नोंदवल्या, त्यांची वजनं-मापं घेतली, पाळीची चौकशी दर महिन्याला, आणि मग त्यातल्या ज्यांना दिवस गेले त्यांचा पाठपुरावा. खाल्लेलं वाटी-चमच्याने मोजायचं, भाकरी किती, कालवण किती, दिवसभरात काम काय केलं तेही विचारायचं. या आयांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास. गरोदरपणातलं खाणं दिवसाला सतराशे-अठराशे कॅलरी.

बाळ जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत मापं. नुसतं वजन घेऊन थांबले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. डोक्याचा घेर, दंडाचा घेर, पोटाचा घेर, आणि पाठीवर खवाट्याच्या खाली कातडीची घडी कॅलिपरच्या चिमट्यात धरून तिची जाडी. जेमतेम दोन दिवसांचं लालभडक पोर कुशीवर धरायचं, ते रडणार, हलणार, आणि मिलिमीटरच्या दशांशात आकडा घ्यायचा. मग तीच मापं साउथम्प्टनच्या गोऱ्या बाळांशी लावून पाहिली. पुण्याकडचं बाळ सरासरी २.७ किलो, तिकडचं ३.५. बाकी सगळी मापंही मागे, पोटाचा घेर तर सगळ्यात मागे, म्हणजे आतले लिव्हर वगैरे अवयव लहान. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. पण खवाट्याखालची चरबी? ती मात्र जवळपास तिकडच्या बाळाइतकी! इतक्या हलक्या जिवाने सगळीकडे काटकसर केली, चरबीत केली नाही. २००३ मध्ये हे छापून आलं आणि 'थिन-फॅट बेबी' हा शब्द रूढ झाला. आपल्या भाषेत, दिसायला किडकिडीत, आतून चरबीवालं.

पुढच्याच वर्षी लॅन्सेटमध्ये एक फोटो आला, त्यात याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मशीनवर मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. पानंच्या पानं लिहून जे पटलं नसतं ते एका फोटोने पटवलं.

पण हे होतं कशामुळे? कॅलरी कमी म्हणून, असं वाटेल, पण सहा गावांच्या आकड्यांत बाळाच्या आकाराचा संबंध आईच्या एकूण कॅलरी किंवा प्रोटीनशी फारसा दिसला नाही, दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. आणि कामाशी. शेतातलं काम, पाणी भरणं, धुणं, ज्या बाईवर हा भार जास्त तिचं बाळ लहान. हे वाचताना मला हा मेडिकलपेक्षा घरातल्या सुनेच्या जागेचा पेपर वाटला. हंडा कोण आणतं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या कालवणावर कोण जेवतं, हे कॅलिपरने बाळाच्या पाठीवर मोजलं जात होतं.

रक्त तपासलं तेव्हा आणखी एक धागा निघाला. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी, फॉलिक ॲसिड हे दुसरं जीवनसत्त्व मात्र एकीचा अपवाद सोडला तर कुणाचंच कमी नाही. आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर ज्यांच्या आईचं फॉलिक जास्त नि बी-१२ कमी होतं त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं. हे २००८ मध्ये छापलं. आता गंमत बघा, सरकारी कार्यक्रमात १९७० पासून लोह-फॉलिकच्या गोळ्या वाटल्या जातायत, त्यात बी-१२ नाही. गोळ्या चुकीच्या असं कुणी म्हणत नाही, ॲनिमियासाठी त्या हव्यातच, पण जोडीला काय हवं होतं हा प्रश्न राहतो. शिवाय बी-१२ ची कमतरता म्हणजे गरिबी असंही नाही, पुण्यातल्या शहरी मध्यमवर्गीय पुरुषांत ती खेड्यातल्यांपेक्षाही जास्त सापडली, शाकाहार हे मोठं कारण. जे घर शाकाहारी नाही तिथेही मटण रोज थोडंच असतं.

उंदरांवरचं कामही सांगून टाकतो. डॉ. आनंदवर्धन हार्डीकर यांच्या टीमने उंदरांना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलं. उंदरांची पिलं जन्मली लहान, इन्सुलिन जास्त, बी-१२ कमी, म्हणजे थिन-फॅटच. त्यानंतर दोन पिढ्या पोटभर खायला दिलं तरी बिघाड गेला नाही, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदीर म्हणजे माणूस नाही, तरी वाचून पोटात गोळा येतो.

मग उपाय करून बघितला का? केला. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून साडेसहा हजार बायकांवर ट्रायल झाली, दिवस जायच्या आधीपासून रोज एक ताजा नाश्ता, एका गटाला पालेभाजी-फळं-दूध घातलेला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. निकाल अर्धाच गोड. सगळ्यांचा हिशेब धरला तर जन्मवजनात ठोस फरक नाही, दिवस जायच्या आधी तीन महिने तरी ज्यांनी खाल्लं त्यांच्या बाळांत साधारण ४८ ग्रॅमची वाढ. पण गरोदरपणातला डायबेटिस १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मला तरी ही ट्रायल फसली असं वाटत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची तूट एका नाश्त्याने भरत नाही एवढंच कळलं.

आणि सहा गावांतली ती बाळं? ती अठराची झाली तेव्हा परत तपासली. जवळपास निम्म्यांचं वजन अजूनही कमी, आणि तरीही मुलांमधल्या ३७ टक्क्यांची आणि मुलींमधल्या १८ टक्क्यांची साखर नॉर्मलच्या बाहेर. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी सर्व्हेत १०.१ कोटी डायबेटिसवाले आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे असा आकडा आला तेव्हा टीव्हीवर सगळे पिझ्झा-बर्गरवर घसरले होते. निम्मी पोरं कमी वजनाची असलेल्या त्या गावांत कुठला पिझ्झा?

२०१२ पासून याच मुलामुलींना, त्यांचं लग्न व्हायच्याही आधी, रोज बी-१२ द्यायला सुरुवात झाली, काहींना नुसतं, काहींना इतर जीवनसत्त्वं आणि दुधातल्या प्रोटीनबरोबर, काहींना फक्त नावापुरती गोळी. त्यातल्या मुलींना पुढे मुलं झाली. नुसतं बी-१२ मिळालेल्या आयांची मुलं दोन वर्षांची असताना मेंदूच्या विकासाच्या चाचणीत पुढे दिसली. जन्मल्यावर ज्यांच्या पाठीला चिमटा लावला होता त्याच मुली आता आपलं बाळ मापायला घेऊन येतात.