एकाच माळेचे मणी?

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या कामात पुढे असलेला पक्ष होता रिपब्लिकन. गुलामांच्या मालकांचा आधार होता डेमोक्रॅटिक पक्षाला. आज कृष्णवर्णीय मतदार मोठ्या बहुमताने डेमोक्रॅटांना मत देतात आणि जुन्या दक्षिणेतली बहुतेक राज्यं रिपब्लिकनांकडे आहेत. दुकानांवरच्या पाट्या त्याच राहिल्या, आतला माल बदलला. म्हणून ‘या दोन पक्षांत खरंच फरक आहे का’ असं कुणी विचारलं, तर आधी विचारावं लागतं: कुठल्या सालची गोष्ट?

रिपब्लिकन पक्ष १८५४ साली जन्मला तो गुलामगिरीचा पश्चिमेकडे होणारा प्रसार रोखायला. सहा वर्षांत लिंकन निवडून आले, मग यादवी युद्ध, मग मुक्ती. पण फुल्यांची अर्पणपत्रिका छापून चार वर्षं होतात न होतात तोच, १८७७ मध्ये, अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीवर तडजोड झाली. रिपब्लिकन हेज अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतल्या रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेण्यात आलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं दक्षिणेत डेमोक्रॅटांचं राज्य होतं. मतदानासाठी कर, वाचता येतं का याची परीक्षा आणि उघड दहशत, अशा मार्गांनी कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून लांब ठेवलं गेलं.

१९३२ मध्ये डेमोक्रॅट रूझवेल्ट अध्यक्षपदी निवडून आले आणि डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे एक विचित्र एकत्र कुटुंब झालं. उत्तरेतले कामगार, कॅथलिक, ज्यू आणि १९३६ पासून मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय मतदारही त्यात आले, आणि त्याच घरात दक्षिणेतले कट्टर वर्णभेदी नेतेही नांदत होते. रिपब्लिकनांमध्ये न्यूयॉर्कचे उदारमतवादी होते, तसेच मध्य-पश्चिमेतले सनातनी. पक्ष दोन, पण आत निदान चार. १९५० साली तिथल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या एका समितीने तक्रार केली की पक्षांचे कार्यक्रम पुरेसे वेगळे नाहीत, मतदाराला खरी निवड मिळत नाही. ही तक्रार आज वाचताना हसू येतं.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरचं सिनेटमधलं मतदान बघा. ७३ विरुद्ध २७ मतांनी तो मंजूर झाला. रिपब्लिकनांपैकी ३३ मधल्या २७ जणांनी बाजूने मत दिलं, डेमोक्रॅटांपैकी ६७ मधल्या ४६ जणांनी. म्हणजे डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांचा कायदा त्यांच्याच पक्षाच्या २१ जणांनी नाकारला आणि विरोधकांनी तारला. आपल्याकडे १९८५ नंतर पक्षादेश मोडला तर पद जातं. तिथे असा कायदा नाही, त्यामुळे रेघा अशा आडव्यातिडव्या जात. मराठी माणसाच्या अमेरिकेतल्या घरांचा पाया घालणारा १९६५ चा स्थलांतर कायदाही असाच दोन्ही बाकांवरच्या मतांनी झाला. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० जागा होत्या.

पण ‘तेव्हा किती समजूतदारपणा होता’ म्हणून हळहळणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. दोन पक्ष इतकी वर्षं सारखे दिसले, कारण दक्षिणेतल्या वर्णभेदाला हात लावायचा नाही यावर बराच काळ दोघांचंही मूक एकमत होतं. त्या सलोख्याची किंमत मतदानाचा हक्क नसलेल्यांनी मोजली.

तो विषय ऐरणीवर आला आणि घडी विस्कटली. नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन गोल्डवॉटर १९६४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत देशभर सपाटून हरले. जिंकले ते फक्त स्वतःचं अ‍ॅरिझोना राज्य आणि खोल दक्षिणेतली पाच राज्यं. सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन पक्ष धरला. १९६८ मध्ये अलाबामाचे वर्णभेदी नेते जॉर्ज वॉलेस तिसऱ्या पक्षातून अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि गाजलेलं वाक्य बोलले: या दोन पक्षांत दहा सेंटांच्या नाण्याइतकाही फरक नाही. त्यांना पाच राज्यं आणि ४६ निर्वाचक मतं (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) मिळाली. वॉलेस यांचा राग होता तो दोन्ही पक्षांनी नागरी हक्क मान्य केले याबद्दल. ‘दोघे सारखेच’ हे बहुतेक वेळा तोच म्हणतो, ज्याचा प्रश्न दोघांनीही टाकून दिलेला असतो.

२००० साली हेच वाक्य डावीकडून आलं. ते म्हणणारे ग्रीन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार राल्फ नेडर यांचा मुद्दा पोकळ नव्हता. डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांनी मुक्त व्यापाराचा नाफ्टा करार रिपब्लिकनांच्या जोरावर मंजूर करून घेतला होता (प्रतिनिधिगृहात १३२ रिपब्लिकन मतं, स्वपक्षाची १०२), गरिबांची सरकारी मदत १९९६ मध्ये आखडली होती, बँकांवरची जुनी बंधनं १९९९ मध्ये सैल केली होती. फ्लोरिडात नेडर यांना ९७ हजारांवर मतं पडली आणि तिथे रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोर यांच्याविरुद्ध जिंकले ते ५३७ मतांनी. दोन वर्षांनी इराक युद्धाच्या ठरावाला ५० पैकी २९ डेमोक्रॅट सिनेटरांनी संमती दिली, तेव्हा नेडर यांचे समर्थक काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

त्यानंतर मात्र दरी रुंदावत गेली. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याला एकाही रिपब्लिकनाने मत दिलं नाही, २०१७ च्या करकपातीला एकाही डेमोक्रॅटाने. २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारे सर्वोच्च न्यायालयाचे पाचही न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. गर्भपातावर बंदी असलेल्या एखाद्या राज्यात राहणाऱ्या गरोदर बाईला ‘दोघे सारखेच’ हे कुणी सांगून पाहावं.

व्यापाराच्या बाबतीत मात्र दोघे पुन्हा एका वाटेवर आलेले दिसतात, फक्त उलट्या दिशेने. ज्या पक्षाच्या मतांवर नाफ्टा तरला, त्याच पक्षाचे ट्रम्प त्याच्यावर तोंडसुख घेत अध्यक्ष झाले आणि २०१८ पासून त्यांनी चिनी मालावर आयातशुल्क लादलं. डेमोक्रॅट बायडन आले, त्यांनी ते बहुतेक तसंच ठेवलं. २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवरचं शुल्क तर त्यांनी २५ वरून थेट १०० टक्क्यांवर नेलं.