व्यवसायसंस्थेतील विखुरण (वेतन, स्थळ आणि कार्यगट)

एखाद्या व्यवसायसंस्थेतील पगार, कामाच्या जागा आणि एकत्र काम करणाऱ्या माणसांचे गट एकमेकांपासून किती दूर पसरले आहेत, याची स्थिती म्हणजे विखुरण. वेतनाचे विखुरण रुपयांत मोजता येते आणि स्थळाचे किलोमीटरमध्ये. गटाचे विखुरण मोजायचे तर या दोहोंबरोबर घड्याळातले तास आणि नोकरीचे करारही विचारात घ्यावे लागतात. अभ्यासकांनी हे तीन विषय आपसांत वाटून घेतले असले, तरी कारखान्यात किंवा कार्यालयात ते एकमेकांत गुंतूनच येतात. माणसाला दुसऱ्या गावी बसवले की त्याचा पगार वेगळा ठरतो, पगार वेगळा ठरला की तो स्वतःला कोणाशी ताडून पाहतो ते बदलते, आणि त्यावर तो सहकाऱ्याच्या अडचणीला किती धावून जाईल हे ठरते. विखुरण धंद्याला तारक की मारक, याचे एकच उत्तर देता येत नाही. एकाचे काम दुसऱ्यावर किती अवलंबून आहे आणि फरकाचे कारण माणसांना दिसते की नाही, या दोन गोष्टींवर बरेचसे ठरते.

वेतनाच्या विखुरणाविषयी दोन विचारधारा आहेत. एडवर्ड लॅझिअर आणि शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या 'स्पर्धा सिद्धांता'नुसार वरच्या पदाचा मोठा पगार हा त्या पदावरील माणसाच्या कामाचा मोबदला असतोच, पण त्याहून अधिक तो खालच्या पायरीवरील सर्वांपुढे ठेवलेले बक्षीस असतो. म्हणून पायऱ्यांमधील तफावत मोठी असणे संस्थेच्या फायद्याचे ठरू शकते. जॉर्ज अकरलॉफ आणि जॅनेट येलेन यांनी १९९० मध्ये याच्या उलट बाजू मांडली. आपल्याला रास्त वाटते त्यापेक्षा कमी वेतन मिळाले, तर माणूस त्या प्रमाणात कामात हात आखडता घेतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. खेळाच्या मैदानावर दोन्ही सिद्धांतांना पुरावा मिळाला, आणि तो कोणत्या खेळात कोणाच्या बाजूने मिळाला हे लक्षात घेण्याजोगे आहे. गोल्फमध्ये, जिथे प्रत्येक खेळाडू एकटा खेळतो, बक्षिसाची रक्कम मोठी असली की खेळ सुधारतो, असे १९९० च्या एका अभ्यासात दिसले. अमेरिकी बेसबॉलमधील २९ संघांची १९८५ ते १९९३ या काळातील कामगिरी मॅट ब्लूम यांनी तपासली, तेव्हा ज्या संघांत पगाराची तफावत जास्त होती त्यांची कामगिरी सरासरीने कमी भरली. कारखाना गोल्फसारखा आहे की बेसबॉलसारखा, हा प्रश्न पगारपत्रक ठरवणाऱ्याने आधी स्वतःला विचारायला हवा. व्यवहारात तो क्वचितच विचारला जातो.

भारतातील सर्वांत बोलका प्रयोग ओडिशातला आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांनी तो केला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. हंगामी हातकामासाठी ३७८ मजूर तीन-तीन जणांच्या गटांत बसवले गेले. काही गटांत तिघांनाही सारखीच मजुरी होती, तर काहींत आधीच्या कामाच्या वेगानुसार तिघांना थोडी थोडी वेगळी. नंतर समान आणि असमान अशा दोन्ही प्रकारच्या गटांतील, हातात नेमकी तेवढीच रक्कम पडणाऱ्या मजुरांची तुलना करण्यात आली. शेजारी बसलेल्याला जास्त मिळते हे ज्याला ठाऊक होते, त्याचे काम घटले आणि त्याची हजेरी १८ टक्के-बिंदूंनी खाली आली. म्हणजे रोज हाती पडणारी मजुरी सोडून तो घरी बसू लागला. तफावत असलेल्या गटांतील माणसे, ज्यात सर्वांचाच फायदा होता अशा खेळातही एकमेकांना नीट साथ देऊ शकली नाहीत. मात्र ज्या कामात कोणी किती माल काढला हे सहज नजरेस पडत होते, तिथे असा परिणाम आढळला नाही. म्हणजे मजुरांचा रोष फरकावर कमी आणि कारण न दिसणाऱ्या फरकावर जास्त होता.

पगार उघड केल्यानेही सर्वांचे समाधान होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार दाखवणाऱ्या संकेतस्थळाची माहिती दिली गेली, तेव्हा आपल्या विभागाच्या मध्यकाखाली (म्हणजे सर्वांचे पगार चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मधोमध येणाऱ्या आकड्याखाली) पगार असलेल्यांचे समाधान घटले आणि ते दुसरी नोकरी शोधण्याचा विचार करू लागले. मध्यकावरील मंडळींना मात्र त्याचा विशेष आनंद झाला नाही. उलट सरकारी नोकरीतील घरभाडे भत्ता पाहावा. सातव्या वेतन आयोगाने लोकसंख्येनुसार शहरांच्या तीन वर्गांसाठी मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के असे दर ठरवले आणि महागाई भत्ता वाढेल तसे ते ३०, २० आणि १० टक्क्यांपर्यंत नेण्याची तरतूद केली. पुण्यातील आणि रत्नागिरीतील केंद्रीय लिपिकांच्या हाती पडणाऱ्या पगारात यामुळे बराच फरक पडतो. तरी त्यावरून त्या दोघांत वितुष्ट आल्याचे ऐकिवात नाही, कारण नियम छापील आहे, कारण उघड आहे आणि साहेबाच्या मर्जीचा त्यात भाग नाही. पूर्णतः दूरस्थ काम करणाऱ्या गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने पगाराच्या सूत्रात ठिकाणाचा गुणक घातला, त्यामागेही हाच विचार आहे. पण सरकारी भत्त्यात मूळ वेतन सारखेच राहते आणि अशा सूत्रात मूळ आकडाच बदलतो, त्यामुळे वाद राहतोच. घरून काम करणाऱ्या लातूरच्या अभियंत्याने पुण्याच्या अभियंत्याइतकाच कोड लिहिला, तर त्याला लातूरच्या घरभाड्याप्रमाणे पगार का, या प्रश्नाला मजूरबाजाराकडे उत्तर असले, तरी अभियंत्याचे त्याने समाधान होत नाही.

स्थळाच्या विखुरणाची चर्चा मुळात त्याच्या उलट बाजूने, म्हणजे एकवटण्याच्या फायद्यांपासून सुरू झाली. एकाच धंद्याची माणसे एका गावात जमली की त्या धंद्यातील खाचाखोचा जणू हवेतच असतात, असे आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये नोंदवले. इचलकरंजीत हे आजही पाहता येते. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला, आणि पुढे मागाभोवती सायझिंगवाला, वहिफणीवाला, कांडीवाला, जॉबर, सूतव्यापारी आणि अडत्या असा सारा गोतावळा उभा राहिला. माग अडला की तो दुरुस्त करणारा जॉबर गल्लीतून येतो. तोच माग शंभर किलोमीटर दूर, स्वस्त जागेत बसवला, तर भाडे वाचेल. पण तो बंद पडलेल्या तासांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. महाराष्ट्र शासनाने मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग नेण्यासाठी १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन केले आणि १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवली. तीत तालुक्यांची 'अ'पासून 'ड+'पर्यंत आणि विनाउद्योग जिल्ह्यांपर्यंत वर्गवारी असून भाग जितका मागास, तितकी सवलत मोठी असते. ही सवलत म्हणजे गोतावळ्यापासून दूर राहण्याची भरपाईच होय, आणि ती किती वर्षे पुरते यावर त्या कारखान्याचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते.

कार्यालयाच्या आतही अंतराची किंमत असते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील टॉमस ॲलन यांनी १९७७ मध्ये दाखवले, की दोन अभियंत्यांच्या टेबलांमधले अंतर वाढेल तसे त्यांचे कामाविषयीचे बोलणे झपाट्याने घटते आणि सुमारे ५० मीटरनंतर ते जवळजवळ नाहीसे होते. घरून काम करण्याचा परिणाम कामाच्या स्वरूपाप्रमाणे बदलतो. सीट्रिप या चिनी प्रवासकंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांच्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र कामाच्या मानाने त्यांना बढती कमी मिळाली. नजरेआड तो मनाआड, ही म्हण इथे आकडेवारीत उतरलेली दिसते. फोन घेणारा माणूस एकट्याने काम करतो, म्हणून तिथे हे साधले. एका मोठ्या भारतीय माहिती-तंत्रज्ञान कंपनीतील दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या महासाथीच्या काळातील नोंदी तपासल्या असता कामाचे तास वाढलेले, काम किंचित घटलेले आणि उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी उतरलेली आढळली. वेळ बैठकांत आणि जुळवाजुळवीत जात होता, सलग काम करायला मिळणारा वेळ तुकड्यातुकड्यांत विभागला गेला होता आणि वरिष्ठांशी समोरासमोरचे बोलणे कमी झाले होते.

गट अनेक देशांत पसरला की त्यात घड्याळाची भर पडते. हिंजवडीतील चमू आणि न्यूयॉर्कमधील ग्राहक यांच्यात ऋतूनुसार साडेनऊ किंवा साडेदहा तासांचे अंतर असते, म्हणून दोघांच्या जागेपणाचा सामाईक तुकडा पुण्याच्या संध्याकाळी सापडतो. सायंकाळी सहाला विचारलेल्या शंकेचे उत्तर रात्री आठला आले नाही, तर एक अख्खा दिवस जातो. जेम्स हर्ब्सलेब आणि ऑड्रिस मोकस यांनी २००३ मध्ये मोजले, तेव्हा एकाच ठिकाणच्या कामापेक्षा अनेक ठिकाणी विभागलेल्या त्याच प्रकारच्या कामाला सुमारे अडीचपट वेळ लागत होता, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे अशा कामात अधिक माणसांना गुंतवावे लागत होते. संस्थेतील संवादाची रचना जशी असेल तशीच रचना तिने बनवलेल्या प्रणालीत उतरते, असे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये म्हटले होते. त्यामुळे गट कुठे तोडायचा हा निर्णय मनुष्यबळ विभागाकडे असला, तरी त्याची खूण अखेर मालावर उमटते.

अत्यंत विखुरलेले काम आणि जवळजवळ समान मोबदला यांचा मेळ घालणाऱ्या दोन मुंबईकर संस्थांकडे वरील संशोधनाच्या उजेडात पाहणे उपयुक्त ठरते. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेत २०२० पूर्वी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवत होती. घरून डबा उचलणारा, गाडीत चढवणारा आणि कचेरीत देणारा असे वेगवेगळे हात एका डब्याला लागतात, आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे झाकणावरील रंग, आकडे व अक्षरे. मुकादमाच्या हाताखालील प्रत्येक गट आपला हिशेब स्वतः पाहतो आणि जमा झालेल्या रकमेतून खर्च वजा जाता उरलेले पैसे सारखे वाटून घेतो. माणसे मुख्यतः मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातील, बहुधा नात्यागोत्यातील. त्यामुळे दिवसभर शहरभर विखुरलेल्या गटाचा एक पाय गावातच असतो. कामचुकारपणाची बातमी गावी आधी पोहोचते.

श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केली. तिने विखुरायचे काय आणि एकत्र ठेवायचे काय, याची फार नेमकी विभागणी केली. पीठ शाखेतच मळले जाते, कारण चव तिथे ठरते. बहिणी ते मळलेले पीठ, म्हणजे घरोघरच्या भाषेतले डांगर, घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी तयार पापड शाखेत आणून तपासून, वजन करून देतात. लाटण्याची मजुरी, म्हणजे 'वणाई', वजनावर मिळते, त्यामुळे जिने जास्त लाटले तिला जास्त मिळते आणि ते सर्वांसमोर काट्यावर दिसते. शाखेच्या नफ्यात मात्र सर्व बहिणींचा वाटा सारखा. ओडिशातील प्रयोगाने जे साठ वर्षांनी दाखवले, ते या पद्धतीत आधीपासूनच होते. स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोन सहकारी समूहाने १९५६ पासून वेतनातील अंतरावरच मर्यादा घातली. प्रारंभी ती एकास तीन होती आणि पुढे सुमारे एकास सहापर्यंत शिथिल झाली.

कायद्याने विखुरणाकडे मुख्यतः प्रकटीकरणाच्या मार्गाने पाहिले आहे. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक अधिनियमाने मुख्याधिकाऱ्याच्या आणि मध्यक कर्मचाऱ्याच्या वेतनाचे गुणोत्तर जाहीर करणे नोंदणीकृत कंपन्यांना भाग पाडले. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १९७(१२) नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाच्या मानधनाचे कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाशी असलेले गुणोत्तर संचालक मंडळाच्या अहवालात द्यावे लागते. औद्योगिक वसाहतींतील ठळक विखुरण या आकड्यात येतच नाही. एकाच लाइनवर एकमेकांच्या शेजारी उभे असलेले कायम आणि कंत्राटी कामगार तेच नट आवळतात, पण त्यांच्या गणवेशाचा रंग वेगळा असतो, बस वेगळी असते आणि पगाराच्या चिठ्ठीवरील मालकाचे नावही वेगळे असते. ठेकेदाराच्या पटावरचा हा कामगार कंपनीच्या मध्यकात मोजला जात नाही.