कल्ल्यावर पांढरं दिसतंय, पण ते फंगस आहे की कॉलमनॅरिस?

नाशिकचा एप्रिल लागला, पारा चाळीशीकडे सरकला की ॲक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, बाहेर कल्ले असलेला उभयचर) पाळणाऱ्यांचे फोटो यायला लागतात, कल्ल्यावर काहीतरी पांढरं आणि सोबत एकच प्रश्न, मिठाच्या पाण्यात ठेवू का? जरा थांबा, आधी ते पांढरं नीट बघा. दोन वेगळे आजार आहेत, लांबून सारखेच दिसतात, आणि एकाला मीठ पुरतं, दुसऱ्याला बहुतेक वेळा पुरत नाही.

फंगस म्हणतो ते बहुतेकदा सॅप्रोलेग्निया. कापसाच्या पुंजक्यासारखं, बारीक तंतू पाण्यात उभे राहून हलताना दिसतात. धडधाकट कातडीवर सहसा येत नाही, दुसऱ्याने चावलंय, दगडावर घासलंय, कल्ल्याचं टोक मेलंय, अशा ठिकाणी धरतं. आणि शास्त्राच्या हिशोबाने ही खरी बुरशी नाहीच, ओमायसीट आहे, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव, आपल्या द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या गोतावळ्यातला! दिंडोरी-पिंपळगावच्या बागवाल्याला भुरी आणि डाऊनी या द्राक्षाच्या दोन रोगांतला फरक सांगावा लागत नाही, दोन्ही पांढऱ्याच पण तो पान उलटून बघतो आणि मगच औषध ठरवतो, आपणही तसंच करायचं. फक्त डाऊनीवर मोरचूद चालतं म्हणून इथे तांब्याचं काहीही वापरू नका, तांबं या प्राण्याला विष आहे. दुकानात मिळणारं मॅलॅकाइट ग्रीनचं औषधही नको, माशांना चालतं म्हणून उभयचराला चालेल असं नसतं, त्याची कातडी सगळं आत ओढून घेते.

कॉलमनॅरिस हा बॅक्टेरिया. तो फुलत नाही, चपटा पसरतो, करडा-पांढरा, कधी पिवळसर डाग, कल्ल्याचे केस झडून कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. गरम पाणी त्याला मानवतं आणि मग तो फार वेगाने वाढतो, म्हणूनच आपल्याकडे उन्हाळ्यात त्याची जास्त भीती. खात्री हवी असेल तर डॉक्टर डागावरचं थोडं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, जाड फांद्या फुटलेले तंतू दिसले तर सॅप्रोलेग्निया, बारीक लांबट काड्यांचे ढीग दिसले तर कॉलमनॅरिस.

फंगस थोडंसंच असेल तर घरी करता येतं. टँकच्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं पाणी वेगळ्या डब्यात घ्या, लिटरला २ ते ३ सपाट छोटे (चहाचे) चमचे आयोडीन नसलेलं मीठ (पाकिटावर वाचून घ्या, खडे मीठही आयोडीनवालं मिळतं) पूर्ण विरघळवा, त्यात ॲक्सोलॉटलला १० मिनिटं ठेवा, १५ च्या वर अजिबात नाही, दिवसातून एकदा किंवा दोनदा. तडफडायला लागला तर लगेच बाहेर. मीठ टँकमध्ये टाकू नका आणि आठवडेच्या आठवडे चालू ठेवू नका, कल्ल्यांना इजा होते. पुंजका चिमट्याने ओढायचा मोह होतो पण खालची कातडी सोबत येते आणि नवीन जखम तयार, म्हणजे पुन्हा तेच.

कॉलमनॅरिसची शंका असेल तर मात्र घरी प्रयोग करत बसू नका, अँटिबायोटिक लागू शकतं आणि ते डॉक्टरनेच ठरवायचं, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेली गोळी टँकमधले अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरियाही मारते, मग अमोनिया वाढतो आणि आजारी जिवाला दुसरा त्रास.

दोन्हीत पाणी मात्र आजच तपासा, अमोनिया आणि नायट्राइट शून्य पाहिजे, तापमान १६ ते १८ च्या आसपास, २० च्या वर गेलं की लक्ष ठेवा, २४ म्हणजे धोका. पंख्याने काही अंश उतरतं पण मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या मशीनशिवाय) भागणं अवघड. बर्फाची बाटली सोडून तापमान वरखाली करत राहिलात तर त्याचाही ताण येतो. डॉक्टर शोधताना फोनवरच विचारा की उभयचर बघता का, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बघत नाहीत, आणि नेताना टँकच्या पाण्याची वेगळी बाटली सोबत न्या.