परमिट रूममध्ये फुटबॉल सामना दाखवायचाय? सांगलीतल्या चालकांसाठी परवानग्या, कागदपत्रं आणि तयारी

आधी एक कागद घ्या. त्यावर सामन्याची भारतीय वेळ आणि लायसन्सवरची बंद करायची वेळ शेजारी शेजारी लिहा. निम्मे बेत इथंच रद्द होतात, आणि ते इथंच रद्द झालेले बरे. चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने युरोपात रात्री ९ ला सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात १:३० आणि उन्हाळ्यात १२:३० वाजलेले असतात. २०२६ च्या विश्वचषकाचा न्यू जर्सीतला अंतिम सामना तिथल्या १९ जुलैच्या दुपारी ३ चा, म्हणजे इथला २० जुलैच्या मध्यरात्री १२:३० चा. वेळ संपल्यावर गिऱ्हाईक आत ठेवलं की अटीचा भंग झालाच. शटर अर्धं ओढून ‘दारू बंद आहे, फक्त मॅच चालू आहे’ असं सांगण्यात अर्थ नाही. मुंबई-पुण्यातले बार किती वाजेपर्यंत उघडे असतात हेही पाहू नका, आपल्या लायसन्सवर आणि जिल्ह्याच्या आदेशात जी वेळ आहे तीच आपली.

सांगलीत जमण्यासारखे सामने म्हणजे आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि इंग्लंडची प्रीमियर लीग. इंग्लंडमधला दुपारी १२:३० चा सामना आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी ६ ला आणि ३ चा रात्री ८:३० ला येतो. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा हेच सामने ५ आणि ७:३० ला. रात्रीचा सामना दुसऱ्या दिवशी दाखवायचा तर वाहिनीचंच पुनःप्रक्षेपण लावा. स्वतः रेकॉर्ड करून लावणं हा वेगळा भंग ठरतो.

पात्रता आणि कागद

चालू एफएल-३, म्हणजे परमिट रूमचं विदेशी मद्याचं लायसन्स हवं. त्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे नूतनीकरणाची पावती फाइलमध्ये वर ठेवा. मंजूर नकाशात जेवढी जागा परमिट रूम म्हणून दाखवली आहे, तेवढ्यातच दारू देता येते. गर्दी झाली म्हणून गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये टेबलं टाकली की प्रकरण तिथंच अडकतं. जागेत बदल करायचाच असेल तर राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयाची मंजुरी आधी घ्या. सामन्याच्या दिवसापुरते जादा वेटर आणणार असाल तर त्यांचे नोकरनामे, म्हणजे दारूच्या जागी काम करायची उत्पादन शुल्क खात्याची नोंद, तयार पाहिजेत. तपासणीत हा कागद हमखास मागतात आणि हमखास नसतो.

सोबत एफएसएसएआय परवाना, जीएसटी नोंदणी, दुकाने-आस्थापना नोंदणी आणि आगीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडून मिळालेली त्याची पोहोच जपून ठेवा.

वयाचा मुद्दा इथं फार महत्त्वाचा आहे. फुटबॉलचा बराचसा प्रेक्षक विश्रामबागच्या आसपासच्या कॉलेजांतला. वालचंद किंवा विलिंग्डनमधल्या बहुतेक विद्यार्थ्यांचं वय २१ च्या आत असतं. राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना हवा. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांचा असतो, त्याचं पुस्तक काउंटरवर ठेवा आणि आधार पाहूनच फाडा. पोरांसाठी रेस्टॉरंटच्या बाजूला, दारूविना, एक पडदा लावणं हा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

प्रक्षेपणाचा हक्क

घरचं डीटीएच किंवा मोबाइलवरचं ओटीटी खातं बारमध्ये चालत नाही. ओटीटीच्या अटींमध्ये वैयक्तिक वापर असं स्पष्ट लिहिलेलं असतं. डीटीएच कंपनीकडे किंवा केबलचालकाकडे आस्थापनेच्या नावानं व्यावसायिक जोडणीचा अर्ज करा. जीएसटी प्रमाणपत्र, आस्थापना नोंदणी, जागेचा पुरावा, पडद्यांची आणि आसनांची संख्या द्या. एका बॉक्सवरून किती पडदे चालतील, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

प्रवेश फी लावायचा मोह मात्र टाळाच. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३७ नुसार पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हा प्रसारकाचा हक्क आहे. त्याच्या परवानगीशिवाय ते केलं तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘मॅच कव्हर चार्ज’ हे नाव दिल्यानं ती फी राहत नाही असं नाही. फलकावर स्पर्धेचं बोधचिन्ह छापू नका, ‘आज रात्री फुटबॉल’ एवढं पुरे. ‘गोलला बिअर मोफत’ ही पोस्टही नको, कारण दारूच्या जाहिरातीला दारूबंदी कायद्याच्या कलम २४ ची मनाई आहे. पैसे लावून स्कोअर ओळखायची स्पर्धा हा जुगार, आणि जागा वापरू दिली म्हणून मालक थेट आरोपी होतो. मध्यंतरात गाणी लावणार असाल तर संगीत हक्कधारकांची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

पोलीस आणि आवाज

हद्दीतल्या पोलीस ठाण्याला किमान आठ दिवस आधी पत्र द्या. त्यात तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, अपेक्षित माणसं, पार्किंगची सोय आणि जबाबदार व्यक्तीचा मोबाइल लिहा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्क्यासह पोहोच घ्या. त्याच वेळी निवडणूक किंवा सणामुळे ‘ड्राय डे’ आहे का, ते विचारा. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते.

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री १० नंतर ५५ डेसिबल मर्यादा आहे, निवासी भागात ५५ आणि ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. मिरजेत दवाखाने जागोजागी आहेत, तेव्हा हे अंतर टेपनं मोजा. तक्रार बहुतेक वेळा स्पीकरची नसते, गोल झाल्यावर उघड्या दारातून बाहेर जाणाऱ्या आरड्याची असते. दारं-खिडक्या बंद ठेवा, बेसचा स्पीकर भिंतीला टेकवू नका.

जागा, वायरिंग, पडदा

जेवणाच्या हॉलसाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता माणशी १.५ चौरस मीटर धरते. ६० चौरस मीटरच्या हॉलला ४० माणसं, बस्स. दारावर एक माणूस मोजायला ठेवा. पडदा बाहेर पडायच्या दारासमोर कधीही लावू नका, कारण लोक वाट अडवूनच उभे राहतात. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिलमध्ये १४ जीव गेले, त्यातले अनेक धुरात गुदमरून. मागचं दार कुलपाविना आणि बिअरच्या क्रेटविना मोकळं हवं. थर्माकोल आणि कापडी सजावट छताला नको.

टीव्ही, प्रोजेक्टर, अ‍ॅम्प्लिफायर यांना वेगळं सर्किट द्या, २.५ चौ. मिमी तांब्याची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच). जमिनीवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला की त्यावर पेय सांडणारच.

सगळे पडदे एकाच बॉक्सवरून चालवा. एका टीव्हीवर डीटीएच आणि दुसऱ्यावर ओटीटी असेल तर ओटीटी कित्येक सेकंद मागे राहतं. एक कोपरा गोल साजरा करतो आणि दुसऱ्या कोपऱ्याची मजा जाते. एचडीएमआय केबल १० मीटरपुढे गेली की चित्र तुटतं, तिथं कॅट-६ एक्स्टेंडर वापरा. स्वस्त स्प्लिटर एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) ओळखत नाही, त्यामुळे पडदा काळा पडतो. ही चाचणी आदल्या दिवशी त्याच वाहिनीवर घ्या. जून-जुलैच्या मोठ्या सरीत छत्रीचा सिग्नल जातो, तेव्हासाठी व्यावसायिक केबल जोडणी पर्यायी ठेवा.

साधा सामना मध्यंतर धरून दोन तासांत उरकतो. बाद फेरीत जादा वेळ आणि पेनल्टी गेल्या तर पावणेतीन तास लागतात. अशा सामन्यात शेवटची ऑर्डर आणि बिलं नव्वद मिनिटं संपताच उरका, आणि पेनल्टी बंदच्या वेळेपलीकडे जाऊ शकतात हे दारावर आधीच लिहून लावा.