शिजवून ठेवायचं की तयारी करून ठेवायची?

बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी मुलं, खानापूर तालुक्यातल्या गावातून शिकायला येऊन टिळकवाडीत रूम घेतलेल्या मुली, मच्छेच्या विद्यापीठाकडे रोज बसनं जाणारे विद्यार्थी. या सगळ्यांना घरून फोनवर एकच सल्ला मिळतो, "रविवारी जरा करून ठेवत जा की." सल्ला मायेचा असतो, पण त्यात दोन वेगळी कामं एकत्र मिसळलेली असतात. एक म्हणजे अन्न पुरतं शिजवून ठेवायचं आणि नंतर नुसतं गरम करून खायचं. दुसरं म्हणजे निवडणं, चिरणं, भिजवणं, भाजणं, वाटणं एवढं उरकून ठेवायचं आणि शिजवायचं मात्र खायच्या वेळीच.

दोन्हींत वेळ वाचतो, म्हणून ती सारखीच वाटतात. पण बिघडण्याची कारणं वेगळी, टिकण्याचे दिवस वेगळे, आणि ताटात जे पडतं तेही वेगळं. हा फरक कुणी सांगितलेला नसतो. मग नवखा माणूस रविवारी चार भाज्या आणि मोठा कुकरभर भात करून बसतो, बुधवारी डबा उघडला की आंबूस वास येतो आणि बेस्तवारपासून पुन्हा मेस सुरू होते. दुसरा सगळी भाजी हौसेनं चिरून ठेवतो, पण दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा परतल्यावर गॅस पेटवायची ताकदच उरत नाही. भाजी तशीच मऊ पडून टाकून द्यावी लागते. दोघांनीही कष्ट केले, फक्त आपल्या दिवसाला न जुळणारं काम निवडलं.

फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. खायच्या आधी त्या पदार्थाला पुन्हा नीट शिजायचं आहे का? असेल तर ती तयारी. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण विस्तवावरून गेलेलं असतं, तरी ती तयारीच, कारण पुढं रश्शात ते खळखळून उकळतं. भात मात्र शिजवून ठेवलेलं अन्न. तो आपण कोमट करून खातो, कधी थंडच.

भाताचंच आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथं होते. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातला बासमती हा आपल्या भागाचा अभिमान आहे, आणि रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणं घराघरात चालतं. त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते तो भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवणं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते भाताच्या उकळीनं मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. हे विष फोडणीच्या आचेनंही जात नाही. म्हणजे गरम केलं, वाफ आली, आता भीती नाही, हा हिशेब इथं चुकतो. भात उरवायचाच असेल तर शिजल्यावर ताटात पसरून लवकर निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. पण खरं सांगायचं तर भात आधी करून ठेवण्यात फायदाच नाही. धुवून भिजवलेला तांदूळ कुकरला लावला की वीस मिनिटांत काम होतं आणि तेवढा वेळ हात मोकळेच असतात. जो पदार्थ ठेवायला सगळ्यात नाजूक, तोच करायला सगळ्यात सोपा.

डाळीचं उलट आहे. तुरीची डाळ नुसती हळद घालून शिजवून, घोटून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस बिनघोर चालते. सोमवारी तिचं साधं वरण, मंगळवारी चिंच-गूळ घालून आमटी, बुधवारी मूठभर पालक टाकून पातळ भाजी. रोज पाच मिनिटांची फोडणी आणि एक दणदणीत उकळी, एवढंच उरतं. मटकी, हरभरा, चवळी, हुलगे यांनाही हेच लागू. भिजवायला रात्र जाते, कुकरला वेळ लागतो, म्हणून ही कामं आधी उरकण्यात खरी बचत आहे. मोड आलेली मटकी मात्र कच्ची खायची सवय असेल तर ती सोडा. मोड यायला लागणाऱ्या उबेत आणि ओलाव्यात जंतूही फोफावतात, म्हणून मोडाचं कडधान्य शिजवलेलंच बरं. राजमा तर अर्धाकच्चा कधीच खाऊ नये. त्यातलं विषारी द्रव्य चांगली उकळी बसल्याशिवाय नष्ट होत नाही.

शिजवून ठेवणाऱ्यानं पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यात सवलत नाही. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासभरच. खोल पातेल्यात मध्यभाग बराच वेळ कोमट राहतो, म्हणून पसरट, उथळ डब्यांत वाटून ठेवावं. घाई असेल तर पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावं. फ्रिजचं तापमान 5 अंशांच्या खाली हवं. तीन, फार तर चार दिवसांपलीकडे जाऊ नये. गरम करताना त्या वेळेला लागेल तेवढंच काढावं आणि वाफा येईपर्यंत, रस्सा असेल तर बुडबुडे येईपर्यंत तापवावं. पुन्हा पुन्हा तापवून परत ठेवलेलं अन्न पोटाला धोक्याचं. रूमवर फ्रिज नसेल तर शिजवून ठेवण्याचा विचारच सोडावा. बेळगावची हवा थंड म्हणून लोक निर्धास्त असतात, पण आपल्या पावसाळ्यातला गारवा फ्रिजची जागा घेऊ शकत नाही.

आता तयारीकडे. इथं चुका झाल्या तरी सहसा चव जाते, पोट बिघडत नाही, कारण शेवटची आच बाकी असते. म्हणूनच हात न बसलेल्या माणसाला मी आधी तयारी शिकायला सांगते. दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. नुसतं शिजवून ठेवणाऱ्याच्या ताटात हळूहळू भात आणि डाळच उरते, कारण तेच करायला आणि तापवायला सोयीचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जी आहाराची मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यांत ताटाचा साधारण अर्धा भाग भाज्या आणि फळांचा दाखवला आहे. आपल्या रूमवरच्या ताटांकडे पाहिलं तर भाजी कोपऱ्यात असते, कधी नसतेच. निवडलेली गवार डोळ्यांसमोर दिसली तर ती फोडणीला पडते. न निवडलेली जुडी मात्र पिशवीतच पिवळी पडते.

पण सगळी भाजी आधी चिरण्यासारखी नसते. गवार, घेवडा निवडून कोरड्या डब्यात तीन-चार दिवस छान राहतात. कोबी, गाजर चिरलं तरी दोन दिवस तग धरतं. मेथी, कोथिंबीर न धुता, निवडून, सुती कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवावी आणि वापरताना धुवावी. ओली ठेवली की काळी पडलीच म्हणून समजा. वांगं आणि बटाटा ऐनवेळी चिरावा, दोन्ही काळे पडतात. क जीवनसत्त्व चिरल्यापासून कमी होत जातं, शिजवताना आणखी जातं, पुन्हा तापवताना आणखी. म्हणून मोठे तुकडे, थोडं पाणी आणि एकदाच शिजवणं हे भाजीच्या हिताचं.

लसूण सोलून ठेवणं हे सगळ्यात किचकट आणि सगळ्यात उपयोगी काम. कोरड्या डब्यात, फ्रिजमध्ये आठवडाभर चालतो. तो तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची टूम मात्र नको. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू नेमके तिथंच वाढतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण पाणी कमी घालून केलं तर फ्रिजमध्ये चार दिवस, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर महिनाभर. एक खडा काढला की एका माणसाचा रस्सा.

या दोन्हींच्या बाहेरही एक प्रकार आहे आणि तो आपल्याच भागात सहज मिळतो, तरी करून ठेवायची गोष्ट निघाली की कुणी त्याचं नाव घेत नाही. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची, जवसाची चटणी आणि कडक भाकरी. ही शिजवून, भाजून तयार असतात, गरमही करावी लागत नाहीत, आणि तरी फ्रिज न लावता टिकतात. कारण त्यांत पाणीच उरलेलं नसतं, आणि पाण्याशिवाय जंतूंना वाढता येत नाही. ज्वारीची भाकरी थापणं हे शिकायला वेळ लागणारं काम आहे. पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की जाणत्या बाईच्या हातूनही ती तुटते. तेव्हा पहिल्या महिन्यात त्यासाठी जीव काढू नका, कडक भाकरीचं पाकीट आणा. कन्नड शेजारणीकडून जोळद रोट्टी म्हणून मागितलीत तर घरची चारदेखील मिळतील. दही, एखादी चटणी, कांदा किंवा कच्च्या मेथीची चार पानं सोबत घेतली की जेवण होतं. संकेश्वरी मिरचीची तिखट चटणी करायची असेल तर रंगासाठी ब्याडगी मिसळा. मीठ मात्र हात आखडून, कारण दिवसभराचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि चटण्या-लोणची त्यातला मोठा वाटा खातात. जून ते ऑगस्ट या काळात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात, कडक भाकरी दोन दिवसांत नरम पडते. झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि नरम पडली तर तव्यावर शेकून घ्या. बुरशीचा ठिपका दिसला किंवा शेंगदाण्याला कुबट, कडवट चव आली तर निवडत बसू नका, सगळं फेका. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष भाजून जात नाही.

मग कुणी काय निवडायचं? संध्याकाळी सहा-सातला घरी येणाऱ्यानं तयारीवर भर द्यावा. वीस मिनिटांत ताजी भाजी होते आणि दोन महिन्यांत हातही बसतो, जो नुसतं गरम करून कधीच बसत नाही. रात्रपाळीवाल्यानं, परीक्षेच्या दिवसांत मुलांनी, आजारातून उठलेल्यानं शिजवून ठेवावं, पण तीन दिवसांपुरतंच, म्हणजे रविवारी आणि पुन्हा बुधवारी. फ्रिज नसलेल्यानं कोरडं सामान आणि रोज भिजवायचं कडधान्य यांवर राहावं, सोबतीला हुलग्याच्या पिठाचं पिठलं शिकून घ्यावं. लसूण-मिरचीची फोडणी, पाणी, पीठ भुरभुरत ढवळणं, दहा मिनिटं.

सुरुवात करणार असाल तर पहिल्या रविवारी एवढंच करा: अर्धी वाटी लसूण सोला, एक वाटी शेंगदाणे भाजून कूट करा, पावशेर गवार निवडा, एक वाटी मटकी भिजत घाला आणि वाटीभर तुरीची डाळ शिजवून तीन छोट्या डब्यांत वाटा. डब्यांवर वार लिहायला विसरू नका. बुधवारी रात्री जो डबा उरेल तो उकळून खा किंवा टाकून द्या, बेस्तवारसाठी ठेवू नका.