बंदुकीवरची झीज: जपायची की पुसायची?

अठराव्या शतकात सैनिकाने बंदुकीची नळी लखलखीत ठेवायची, असा दंडक होता. विटेच्या भुकटीने सतत घासल्यामुळे कित्येक नळ्या गोळीबारापेक्षा स्वच्छतेनेच पातळ झाल्या. पुढे मुद्दाम गंज चढवून नळी तपकिरी करण्याची पद्धत आली आणि हा घासण्याचा जाच कमी झाला.

धूररहित दारू आल्यावर झीज नळीच्या आत शिरली. ब्रिटिशांच्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये, म्हणजे त्यांच्या धूररहित दारूमध्ये, ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतले उथळ, गोलसर आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, त्याच्या ज्वलनाच्या धगीपुढे टिकेनात. १८९५ मध्ये आट्यांची घडण बदलावी लागली आणि १९०१ च्या सुमारास कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणले गेले. गंजाचे मूळ मात्र काडतुसाच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या छोट्या भागात, होते. तिच्यातल्या पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत क्षार उरतो. तो हवेतला ओलावा ओढतो आणि तेलात विरघळत नाही, म्हणून नळी आधी पाण्याने धुवावी लागे.

बाहेरचा निळसर-काळा थर, म्हणजे ब्ल्यूइंग, हाही लोखंडाचा ऑक्साइडच. तो इतका पातळ की म्यानात ये-जा करणाऱ्या पिस्तुलाच्या नळीचे तोंड सर्वांत आधी पांढरे पडते. रायफल जिथे धरून वाहिली जाते, तिथेही असाच पट्टा उमटतो. लाकडी दस्ता घाम आणि तेल पिऊन काळवंडतो. दुसऱ्या महायुद्धात फॉस्फेटचा राखाडी, खरखरीत थर सर्रास झाला. तो तेल धरून ठेवतो आणि काही रायफलींवर वर्षानुवर्षांनी हिरवट झाक देतो. पुढच्या अॅल्युमिनियमच्या रायफलींच्या कडा झिजून चंदेरी होतात.

झीज जपायची की पुसायची, या वादातला मोठा निर्णय महायुद्धानंतरचा. अनेक देशांनी वापरलेल्या रायफली कारखान्यात परत नेल्या, सुटे भाग एकमेकांत मिसळले, नवा थर चढवला आणि त्या कोठारात ठेवल्या. सैन्याच्या नजरेने हे योग्यच होते, कारण पुन्हा युद्ध पेटले असते तर हत्यार चालणे महत्त्वाचे होते. पण कोणती रायफल किती वाहिली, कोणत्या हाताने धरली, कुठे आपटली, याची नोंद पृष्ठभागावरच होती आणि ती घासून गेली. संग्राहकांनी नंतर हाच उद्योग हौसेने केला, हे अधिक खटकते. पॉलिश करताना कोपरे गोल होतात, कोरलेले अंक बुजतात, आणि गेलेले पोलाद परत येत नाही. ‘नव्यासारखी’ दिसणारी जुनी बंदूक अनेकदा झिजलेलीपेक्षा स्वस्त विकली जाते, ती यामुळेच.

गंज चालू असेल तर तो थांबवलाच पाहिजे, याबद्दल मात्र दुमत नाही. त्यासाठी घासण्याची गरज नसते. सुटा केलेला पोलादी भाग स्वच्छ पाण्यात उकळला की तांबडा गंज काळ्या, स्थिर ऑक्साइडमध्ये बदलतो. वर सुटलेली काजळी मऊ तारेच्या ब्रशने काढून तेल लावायचे. मूळ थर जिथे उरला आहे तिथे तसाच राहतो आणि जिथे झिजला आहे तिथली झीजही दिसत राहते.